लोहाऱ्याचा डोंगर आणि जमशेटजी टाटा

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जुन्या ब्रह्मपुरी तहशिलींत, लोहारा नांवाचें एक गांव आहे. या गांवाजवळ लोहखनिजाचा एक डोंगर आहे. पूर्वीं या मुलुखांतील कारागीर असें खनिज लाकडी कोळशाच्या लहान लहान भट्ट्यांत वितळवून लोखंड काढीत आणि त्याच्या कुऱ्हाडी, विळे व नांगराचे फाळ घडवीत. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं. त्यापूर्वीं हा सारा अरण्यमय प्रदेश मिळून एकच चांदा जिल्हा होता. या चांदा जिल्ह्याचें व लोहाऱ्याच्या डोंगराचें नांव एकदां एका थोर पुरुषाच्या मनांत शिरलें, आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ तें तेथून निघालें नाहीं. तो पुरुष म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा.

टाटांचें नांव ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडणार नाहीं. परंतु यशस्वी पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपल्या हातून नेहमीं एक चूक घडते. मंदिराचा कळस आपण दुरून पाहतों, पण पायांत गाडलेले दगड आपल्या दृष्टीस पडत नाहींत. त्यामुळें आपणांस असें वाटूं लागतें कीं, थोर माणसें जन्मतःच थोर असतात, त्यांचा नेम कधीं चुकत नाहीं, आणि ज्याचा नेम एकदां चुकला तो थोर होणें शक्य नाहीं. जमशेटजींचें चरित्र ही समजूत खोटी पाडतें. त्यांच्या आयुष्यांत अपयशें पुष्कळ आलीं. त्यांपैकीं कांहीं तर त्यांच्या स्वतःच्या अतिविश्वासानें ओढवलेलीं होतीं. या अपयशांपासून ते काय शिकले, आणि त्या शिकण्याची खरी परीक्षा आपल्याच जिल्ह्याच्या भूमींत कशी झाली, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

जमशेटजींचा जन्म गुजराथेंतील नवसारी गांवीं ३ मार्च १८३९ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपाध्यायाची वृत्ति चालत आली होती. त्यांचे वडील नसरवानजी यांनीं ती वृत्ति सोडून मुंबईस व्यापाराचा आरंभ केला. जमशेटजी लहानपणींच मुंबईस आले आणि १८५८ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतील आपलें शिक्षण पुरें करून वडिलांच्या पेढींत काम करूं लागले. लवकरच ते हाँगकाँगला गेले व तेथें त्यांनीं पेढीची शाखा चालविली. बुद्धि तल्लख, वाचन दांडगें व वय कोवळें. अशा तरुणाला जग आपल्या मुठींत आहे असें वाटल्यास नवल तें काय?

त्याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांना मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं हिंदुस्थानच्या कापसाकडे धांव घेतली. कापसाचे भाव भराभर चढले आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या व त्यांचे भाग हातोहात विकले जाऊं लागले. शहाणे शहाणे लोकही आपला धंदा सोडून सट्ट्याच्या मागें लागले. युद्ध कधीं तरी संपेल आणि अमेरिकेचा कापूस पुन्हां जहाजांत चढेल, ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानांत येईना. टाटांची पेढीही या प्रवाहांत सांपडली होती. लंडनमध्यें एक हिंदी बँक काढावी अशी योजना ठरली आणि ती पार पाडण्याकरितां जमशेटजी १८६४ सालच्या अखेरीस विलायतेस निघाले. हुंड्या आणि भागांचीं पत्रें यांनीं त्यांची पेटी भरलेली होती.

ते वाटेंत असतांनाच त्या पेटींतील संपत्ति विरूं लागली. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईंतील कंपन्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें पडल्या. ज्या कागदांच्या आधारावर जमशेटजी बँक उभारणार होते, त्या कागदांस रद्दीची किंमत उरली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा तरुण परक्या शहरांत, भोंवतीं सावकारांचा गराडा आणि हातीं निरुपयोगी कागद अशा स्थितींत उभा राहिला.

अशा वेळीं माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो तोंड लपविण्याचा. घरीं परत जावें, दोष दुसऱ्यावर ढकलावा, नाहीं तर सगळा भार दैवाच्या माथीं मारावा, हे मार्ग सर्वांनाच मोकळे असतात. जमशेटजींनीं यांतील एकही मार्ग धरला नाहीं. ते आपण होऊन धनकोंपुढें गेले व पेढीची खरी स्थिति कांहींएक न लपवितां त्यांनीं सांगितली. त्यांचा हा सरळपणा पाहून त्या मंडळींनीं त्यांना तुरुंगाची भीति घातली नाहीं. उलट, पेढीचें देणेंघेणें निस्तरण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपविलें आणि त्याबद्दल दरमहा २० पौंड वेतन ठरवून दिलें. जो बँकेचा चालक व्हावयास गेला होता, तो आपल्याच बुडालेल्या व्यवहाराचा पगारी कारकून झाला! हें काम त्यांनीं मान खालीं घालून पण मन खचूं न देतां केलें. नम्रतेचा पहिला धडा त्यांनीं या वेळीं गिरविला.

पुढें १८६८ च्या सुमारास अबिसिनियाच्या मोहिमेंत इंग्रजी सैन्याला सामान पुरविण्याच्या मक्त्यांत टाटांच्या पेढीला वांटा मिळाला व तिची स्थिति सांवरली. मग जमशेटजींनीं सट्ट्याकडे पाठ फिरविली आणि ते कापडाच्या धंद्याकडे वळले. चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनीं ती कापसाची केली, चालवून दाखविली आणि फायद्यानें विकली. त्यानंतर ते पुन्हां विलायतेस गेले. परंतु या वेळीं पेटींत कागद नव्हते, मनांत प्रश्न होते. लँकेशायरच्या गिरण्या कशा चालतात हें त्यांनीं तेथें जाऊन, पाहून व विचारून समजून घेतलें.

या अभ्यासाचें फळ नागपुरास दिसून आलें. सारे गिरणीवाले मुंबईस गर्दी करीत असतां जमशेटजींनीं कापसाच्या शेतांजवळचें नागपूर निवडलें. गिरणीसाठीं घेतलेली जागा दलदलीची होती व ती भरून काढण्यास पुष्कळ माती लागली. तेथील एका सावकारानें या उद्योगास पैसा देण्याचें नाकारलें, कारण जमिनींत सोनें पुरण्याचा हा वेडेपणा आहे असें त्याला वाटलें. पुढें याच सावकारानें आपली चूक मोकळेपणानें कबूल केली. टाटांनीं जमिनींत माती घालून तींतून सोनें काढलें, असें त्याचें मत झालें. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस गिरणी सुरू झाली. काटकसरीच्या हेतूनें घेतलेलीं तिचीं पहिलीं यंत्रें निकृष्ट ठरलीं आणि आरंभीं माल चांगला निघेना. जमशेटजींनीं चूक ओळखली व तीं यंत्रें बदलून उत्तम यंत्रें आणविलीं. सूत कातण्याचें नवें यंत्र निघालें तेव्हां त्यांनीं तें आधीं लहान प्रमाणांत चालवून पाहिलें आणि त्याचा गुण पटल्यावरच सर्वत्र बसविलें. आधीं परीक्षा, मग विश्वास, ही त्यांची पद्धतीच होऊन गेली. ती गिरणी आज उरलेली नाहीं. परंतु जवळजवळ सव्वाशें वर्षें तिनें नागपूरकडील हजारों कुटुंबांस अन्न दिलें.

आतां येथें जमशेटजींची गोष्ट संपली असती तर ती फार सोपी झाली असती. एकदां पडले, शिकले, आणि मग कधीं पडले नाहींत! पण मनुष्यस्वभाव इतका सरळ नाहीं. नम्रता ही एकदां पाठ करून ठेवण्याची कविता नव्हे; ती वरचेवर विसरते आणि वरचेवर शिकावी लागते. एम्प्रेस गिरणीच्या यशानें जमशेटजींचा आपल्या हातोटीवर मोठा विश्वास बसला होता. १८८६ सालीं मुंबईजवळ कुर्ल्यास धरमसी नांवाची एक मोठी गिरणी विकावयास निघाली. ती उभारण्यास ५० लाखांहून अधिक रुपये लागले होते आणि ती अवघ्या साडेबारा लाखांस मिळत होती. जमशेटजींनीं ती घेतली व तिला स्वदेशी हें नांव दिलें.

स्वस्त म्हणून घेतलेली ही गिरणी त्यांना फार महाग पडली. यंत्रें झिजलेलीं, व्यवस्था बिघडलेली आणि दुरुस्तीला अंत नाहीं, अशी तिची अवस्था होती. माल चांगला निघेना, नफा तर दूरच राहिला. भागीदार घाबरले व भागांची किंमत उतरली. बँकांनीं हात आंखडता घेतला. ज्या टाटांच्या शब्दावर बाजार चालत असे, त्या टाटांच्या नांवालाच धक्का बसण्याची वेळ आली. जमशेटजींचें वय या वेळीं पन्नाशीकडे झुकलें होतें. गिरणी मोडींत काढून मोकळें व्हावें असा सल्ला देणारे थोडे नव्हते.

जमशेटजींनीं तसें केलें नाहीं. निवड आपली, तेव्हां तिचा भारही आपलाच, असें त्यांनीं मानलें. जीवापलीकडे जपलेल्या एम्प्रेस गिरणीचे स्वतःचे कांहीं भाग विकून त्यांनीं पैसा उभा केला. नागपुरांतील अनुभवी माणसें कुर्ल्यास नेलीं आणि स्वतः बारीकसारीक गोष्टींत लक्ष घातलें. कांहीं वर्षांच्या कष्टानंतर स्वदेशी गिरणी मार्गास लागली व तिच्या मालाला नांव मिळालें. लंडनमध्यें आलेलें संकट साऱ्या मुंबईवर आलेल्या वादळाचें होतें. कुर्ल्याचें संकट मात्र त्यांच्या स्वतःच्या अंदाजाचें होतें. म्हणून हा दुसरा धडा पहिल्याहून कठीण होता.

याहीपुढें त्यांना एक अपयश पूर्णपणें पचवावें लागलें. हिंदुस्थानचें सूत चीन-जपानकडे नेणाऱ्या विलायती आगबोट कंपन्या जबर भाडें घेत. १८९३ च्या सुमारास जमशेटजी जपानला गेले आणि तेथील एका कंपनीच्या सहकार्यानें त्यांनीं स्वतःचा जहाजांचा धंदा काढला. दर टनास सुमारें १९ रुपये पडणारें भाडें त्यांनीं १२ रुपयांवर आणलें. तेव्हां बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनीनें आपलें भाडें दीड रुपयापर्यंत खालीं उतरविलें! ज्या व्यापाऱ्यांच्या हितासाठीं हा लढा मांडला, तेच व्यापारी स्वस्त भाड्याच्या मोहानें त्यांना सोडून गेले. जमशेटजींनीं तोटा सोसून जहाजें परत पाठविलीं. न्याय्य बाजू म्हणजे हमखास विजय नव्हे, हें त्यांना येथें कळलें. सोडावयाची वस्तु वेळींच सोडणें हाही धैर्याचाच एक प्रकार आहे.

आतां आपण आपल्या चांदा जिल्ह्याकडे वळूं. १८८२ सालीं, म्हणजे कुर्ल्याची गिरणी घेण्यापूर्वीं चार वर्षें, फॉन श्वार्त्झ नांवाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या हातीं पडला. चांदा जिल्ह्यांत लोहारा येथें उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्यास सरकारी खाणींतून कोळसा निघत आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. खनिज आणि कोळसा शेजारीं शेजारीं. वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत आगगाडीही आलेली! आपल्या देशांत पोलादाचा मोठा कारखाना असावा, हें स्वप्न जमशेटजींच्या मनांत त्या दिवसापासून घर करून बसलें.

पंचवीस वर्षांचे जमशेटजी असते तर या कागदाच्या बळावर त्यांनीं कदाचित् लगेच कंपनी काढली असती. त्रेचाळीस वर्षांच्या जमशेटजींनीं निराळें केलें. त्यांनीं वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीस परीक्षेसाठीं नेले. पोलादाच्या भट्टीला साधा कोळसा चालत नाहीं. तो बंद भट्टींत भाजून त्याचा कोक व्हावा लागतो, आणि तो कोक इतका कणखर लागतो कीं, वरून पडणाऱ्या खनिजाच्या भारानें त्याचा चुरा होतां कामा नये. वरोऱ्याचा कोळसा या परीक्षेंत उतरला नाहीं. त्यांतच खाणी घेण्याविषयींचे सरकारी नियम त्या काळीं फार जाचक होते. जमशेटजींनीं तो बेत बाजूस ठेवला. मात्र टाकून दिला नाहीं. लोखंडाविषयीं जें जें छापून येई तें तें ते जमवीत व वाचीत राहिले. असा सतरा वर्षांचा काळ गेला. १८९९ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या अमदानींत खाणींचे नियम सैल झाले, आणि साठ वर्षांच्या जमशेटजींनीं तें जुनें स्वप्न पुन्हां हातीं घेतलें.

१९०२ सालीं ते अमेरिकेस गेले. प्रकृति थकलेली, घरीं वैभव भरपूर, कीर्ति दिगंत. तरीही हा वृद्ध पुरुष तेथील कारखान्यांतून हिंडत होता, धगधगत्या भट्ट्यांजवळ उभा राहत होता व आपल्याहून तरुण माणसांना शिष्याप्रमाणें प्रश्न विचारीत होता. पिट्सबर्गकडील एका तज्ज्ञानें त्यांना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचें नांव सुचविलें. एके दिवशीं परक्या वेषांतला हा अनोळखी पाहुणा पेरिन यांच्या कचेरींत शिरला आणि त्यांनीं हिंदुस्थानांत येऊन खनिज, कोळसा व पाणी यांचा शोध करावा, असें त्यानें थेट सुचविलें. जमशेटजींच्या चर्येनें व निश्चयानें पेरिन भारून गेले व त्यांनीं होकार दिला. त्यांचे सहकारी वेल्ड हे पुढें तपासासाठीं आपल्याकडे आले.

वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि त्यांचे आप्त शापुरजी सकलातवाला यांनीं चांदा जिल्ह्यांतील अरण्य तुडविलें. बैलगाड्यांचा प्रवास, उन्हाचा ताप, पिण्याच्या पाण्याचा तुटवडा, तापाची भीति आणि वाघांचें रान! आपल्या भागांतील जंगल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रवासाची कल्पना सांगावयास नको. डोंगर पाहिले, दगड फोडले, खनिजाचें मोजमाप केलें. खनिज उंची होतें यांत शंका नव्हती. परंतु एका मोठ्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतकें तें नव्हतें. तें ठिकठिकाणीं विखुरलेलें होतें, आणि पोलादास योग्य असा कोळसाही जवळपास मिळेना. ज्या जागेवर वीस वर्षांहून अधिक काळ आशा खिळली होती, ती जागाच कामाची नाहीं असा निर्णय वेल्ड यांनीं दिला.

वाचकहो, खरी परीक्षा ही होय. कापसाच्या तेजींत जमशेटजींनीं आपल्या आशेलाच पुरावा मानलें होतें. आतां पुरावा आशेच्या विरुद्ध उभा होता. पैसा त्यांच्याजवळ होता व मान होता. तज्ज्ञाचें मत बाजूस सारून लोहाऱ्यासच कारखाना काढण्याचा हट्ट त्यांना धरतां आला असता. तसें झालें असतें तर कांहीं वर्षांत भट्ट्या थंड पडल्या असत्या, शेंकडों लोकांचा पैसा बुडाला असता आणि कुर्ल्याची गोष्ट दसपट मोठ्या प्रमाणांत पुन्हां घडली असती. टाटांनीं हट्ट धरला नाहीं; वेल्ड यांचा निर्णय त्यांनीं मानला. पण येथें दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जागा चुकली म्हणून त्यांनीं हेतु सोडला नाहीं. वेल्ड परत जाण्यास निघाले असतां दोराबजींनीं त्यांना थांबवून घेतलें व शोध दुसरीकडे चालूं ठेवण्यास सांगितलें.

मग जें घडलें तें कादंबरींत शोभेल असें आहे. चांद्याचा बेत सोडल्याची खबर सरकारास देण्यासाठीं दोराबजी नागपुरास गेले. ज्या अधिकाऱ्यांस भेटावयाचें होतें त्यांना वेळ नव्हता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयांत शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेंच हें संग्रहालय. तेथें भिंतीवर मध्यप्रांताचा भूस्तरांचा नकाशा होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्याच्या भागांत लोहखनिजाची गडद खूण होती. त्या खुणेचा माग काढीत मंडळी दल्ली-राजहरा येथील डोंगरांवर पोंचली. तेथें इतकें संपन्न खनिज होतें कीं, पायांखालचा खडक धातूसारखा वाजत होता. तरीही कोळसा व पाणी यांची अडचण होतीच, आणि टाटांनीं तेथेंही घाई केली नाहीं. (याच डोंगरांच्या खनिजावर पुढें भिलाईचा सरकारी कारखाना उभा राहिला व १९५९ पासून चालूं लागला.) दुर्गकडील भूस्तरांचें संशोधन पूर्वीं ज्यांनीं केलें होतें, त्या प्रमथनाथ बोस यांनीं २४ फेब्रुवारी १९०४ रोजीं जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानांतील खनिजाची माहिती कळविली. तेथें खनिज विपुल होतें आणि झरियाचा योग्य कोळसाही फार दूर नव्हता. शेवटीं सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची येथें कारखान्याची जागा ठरली.

हें सारें पाहण्यास जमशेटजी राहिले नाहींत. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींतील बाड नौहाइम या गांवीं त्यांनीं देह ठेवला. कारखान्याची कंपनी १९०७ सालीं निघाली, आणि तिच्यासाठीं लागणारें भांडवल हिंदी लोकांनीं तीन आठवड्यांत जमा केलें. १९१२ च्या फेब्रुवारींत साकचीस पहिलें पोलाद बाहेर पडलें. १९१९ सालीं त्या गांवास जमशेदपूर हें नांव देण्यांत आलें. बंगळूरच्या ज्या विज्ञानसंस्थेकरितां त्यांनीं ३० लाख रुपयांची मिळकत देऊं केली होती, ती संस्थाही त्यांच्या पश्चात् उघडली. ज्यानें तरुणपणीं सर्व कांहीं एका झेपेंत मिळविण्याची आशा धरली, त्यानें वृद्धपणीं जीं झाडें लावलीं त्यांचीं फळें आपणांस मिळणार नाहींत हें जाणूनही त्यांना पाणी घातलें. नम्रतेचा याहून मोठा पुरावा कोणता असूं शकेल?

आणि वरोऱ्याच्या त्या नापास झालेल्या कोळशाचें काय? तो कोळसा वाईट होता काय? मुळींच नाहीं. पोलादाच्या भट्टीला तो योग्य नव्हता, एवढेंच. याच जिल्ह्याच्या भूमींतील कोळशावर आज चंद्रपूरचें मोठें वीजकेंद्र चालतें व महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत उजेड पडतो. गडचिरोलीकडील सुरजागडच्या डोंगरांतून लोहखनिजही आतां काढलें जात आहे. एका परीक्षेंतील निकाल हा त्या परीक्षेपुरता असतो. तो साऱ्या वस्तूचा निकाल नसतो. जी गोष्ट दगडकोळशाची, तीच माणसाची.

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं शाळेच्या फळ्यापुढें दोन प्रकारचीं मुलें दिसतात. एक, ज्यांना अभ्यासाखेरीजच आपण पहिले येणार अशी खात्री होती. दुसरीं, ज्यांना एका विषयांत पडल्याबरोबर आपण कशाच्याही लायकीचे नाहींत असें वाटूं लागतें. दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही आपल्या मनालाच निकालपत्र समजतात. पहिल्यानें आपला कोळसा तपासण्यास दिला नाहीं; दुसऱ्यानें तपासणीचा अर्थ भलताच लावला. पालकांनींही हें ध्यानीं घ्यावें. मुलगा किंवा मुलगी नापास झाल्यावर घरीं काय बोललें जातें, यावर पुष्कळ अवलंबून असतें. लंडनमधील धनकोंनीं त्या तरुणाला अपमान करून हाकलून दिलें असतें, तर कदाचित् नागपूरची गिरणी झाली नसती आणि जमशेदपूरही झालें नसतें. त्यांनीं त्याचा हिशेब मागितला, पण त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला नाहीं. घरांतील वडील माणसांनीं यापेक्षां कमी उदार असावें काय?

वाळूवर घर बांधणाऱ्या व खडकावर घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दृष्टांत आपण शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. जमशेटजींनीं आयुष्याच्या आरंभीं वाळूवर घर बांधलें आणि तें पडलेलें डोळ्यांनीं पाहिलें. त्यांचें मोठेपण यांत आहे कीं, त्यांनीं घर बांधण्याचें सोडलें नाहीं, आणि पुढें पाया घालण्यापूर्वीं खालीं खडक आहे कीं वाळू आहे हें विचारण्याची त्यांना कधीं लाज वाटली नाहीं. कुर्ल्यास तें विचारावयाचें राहिलें, तेव्हां त्याचा दंड त्यांनीं निमूटपणें भरला. लोहाऱ्यास त्यांनीं तें विचारलें, प्रतिकूल उत्तर मिळालें, आणि तें उत्तर मान्य करून त्यांचीं माणसें पुढच्या डोंगराकडे चालूं लागलीं. ज्या डोंगरानें त्यांना नकार दिला तो डोंगर आपल्या जिल्ह्यांत आहे. परमेश्वर आपणांस तसें विचारण्याचें धैर्य देवो आणि येईल तें उत्तर ऐकण्याची नम्रताही देवो.